हाडांवरून घर कसं वाचायचं: आर्क्टिकमधल्या प्राचीन शिकाऱ्यांच्या घरांसाठी एक वाटाड्या

कॅनडाच्या नुनावुत प्रदेशात सॉमरसेट नावाचं बेट आहे. त्याच्या किनाऱ्यावर गोट्यांचे बांध एकामागे एक पसरलेले आहेत. त्यांवर मधूनच एखादा बसका उंचवटा दिसतो. तो मध्ये खोलगट असतो, आजूबाजूच्या उजाड खडकाळीत न शोभणारं हिरवंगार शेवाळ त्याच्याभोवती वाढलेलं असतं आणि त्यातून देवमाशाचा जबडा बाहेर डोकावत असतो. हे कित्येक शतकांपूर्वीचं हिवाळी घर. बांधणारे थूले संस्कृतीचे लोक, म्हणजे आजच्या इन्युइटांचे पूर्वज. ते तेराव्या शतकाच्या सुमारास अलास्काकडून पूर्वेला सरकत ग्रीनलंडपर्यंत पोचले. घराभोवतीची हिरवळ ही रक्त, चरबी आणि हाडं झिरपून झालेल्या खताची कमाई आहे.

असं एक घर खणलं की हाडांचा ढीग निघतो आणि उत्खननाच्या अहवालात त्याचा तक्ता छापला जातो. बहुतेक वाचक त्या तक्त्यावर नजर फिरवतात आणि 'सीलची हाडं सर्वांत जास्त, म्हणजे हे लोक सील खात' असं म्हणून पान उलटतात. तक्ता चुकीचा नसतो, वाचण्याची घाई नडते. हाडाला 'तुला कोणी खाल्लं?' हे विचारण्याआधी दोन प्रश्न विचारायचे असतात: तू इथे आलंस कसं, आणि इथून बाहेर गेलं का नाहीस? माणसं घर झाडतात. जमिनीवर सापडतं ते केरसुणीतून निसटलेलं, कुणी मुद्दाम ठेवलेलं, किंवा घर सोडण्याआधीच्या शेवटच्या दिवसांत पडून राहिलेलं.

पुढच्या पायऱ्या दिलेल्या क्रमानेच घ्या. शेवटची आधी घेतली तर सगळं फसतं.

पहिली पायरी: घराचा आराखडा डोळ्यांसमोर आणा

थूले हिवाळी घर अर्धं जमिनीत असतं. आत शिरायला लांब, बुटका बोगदा. तो मुद्दाम घराच्या जमिनीपेक्षा खाली खणलेला असतो, कारण थंड हवा जड असते आणि ती तिथेच साचून राहते. बोगद्यातून वर चढलं की फरसबंद जमीन लागते. मागच्या बाजूला गुडघाभर उंचीचा झोपायचा ओटा. एका कोपऱ्यात कुल्लिक, म्हणजे सीलच्या तेलावर जळणारा मऊ दगडाचा दिवा. उजेड, ऊब आणि स्वयंपाक हे सगळं त्याच्यावर. ओट्याखाली साठवणीची जागा, आणि बोगद्याच्या तोंडापाशी उकिरडा.

अहवाल हातात आला की हा आराखडा कागदावर काढा आणि कोणती हाडं कोणत्या कप्प्यात मिळाली ते लिहा. सगळी हाडं एकाच बेरजेत मिसळणारा अहवाल असेल, तर त्यातून घराबद्दल फार काही निघणार नाही हे आधीच समजून चाला.

सगळी घरं अशी नसतात, हेही ध्यानात ठेवा. उन्हाळी तंबूची निशाणी म्हणजे कातडं दाबून ठेवणाऱ्या दगडांचं कडं. त्यात हाडं थोडी आणि उघड्यावर झिजलेली. थूले लोकांच्या कितीतरी आधी, इसवी सनपूर्व २५०० च्या सुमारास, ग्रीनलंडमध्ये आलेल्या साक्काक लोकांच्या घरांत मधोमध दगडांनी आखलेला पट्टा आणि त्यात चौकोनी चूल असे. घराचा आकार बदलला की हाड कुठे पडणार हेही बदलतं.

दुसरी पायरी: भिंतीची हाडं जेवणातून वगळा

नवख्यांची सर्वांत मोठी चूक इथे होते. झाडच नसलेल्या प्रदेशात छपराला वासे कुठून आणणार? थूले लोकांनी बोहेड देवमाशाचे जबडे, बरगड्या आणि कवट्या वापरल्या, त्यावर कातडी अंथरली आणि वर गवताळ मातीचे तुकडे रचले. म्हणून घरात सापडलेला देवमाशाचा जबडा हा आधी वासा असतो. तो मोजायचा बांधकामात.

आता उलट बाजू पाहा. पूर्ण वाढलेला बोहेड पंधरा मीटरच्या पुढे जातो. त्याचं मांस, चरबी आणि कातडं किनाऱ्यावरच कापून काढलं जातं. घरात येतात ते बिनहाडाचे तुकडे. म्हणजे ज्या प्राण्याने अख्ख्या वस्तीला हिवाळाभर पोसलं असेल, त्याचं जेवणाच्या कचऱ्यात जवळपास एकही हाड नसेल. तक्त्यातली टक्केवारी या प्राण्यापुरती आंधळी असते.

मग देवमासे मारले जात होते की वाहून आलेले मेलेले मिळत होते? जेम्स सॅव्हेल आणि अॅलन मॅककार्टनी या संशोधकांनी थूले वस्त्यांवरची हाडं मोजून मूळ देवमाशांची लांबी काढली. बरेचसे देवमासे सात ते नऊ मीटरच्या आसपासचे, म्हणजे साधारण वर्षभराची पिल्लं निघाली. नैसर्गिक मरणाने किनाऱ्याला लागलेल्या देवमाशांत सगळ्या वयांची सरमिसळ दिसली असती. इथे निवड दिसते. कातडी होडीतून हार्पून, म्हणजे दोरी बांधलेला भाला, फेकणाऱ्यांनी झेपेल असं जनावर हेरून मारलेलं आहे. बांधकामातून वगळलेली हाडं अशी शिकारीच्या प्रश्नाला उपयोगी पडतात, म्हणून 'वगळा' म्हणजे फेकून द्या असं नव्हे.

तिसरी पायरी: कुत्र्याचा वाटा ओळखा

थूले लोकांकडे गाडी ओढणारे कुत्रे होते, आणि कुत्रा म्हणजे चालतंबोलतं हाडं दळण्याचं यंत्र. मांडीच्या हाडाची मऊ, चरबीने भरलेली टोकं तो आधी फस्त करतो. माशांचे काटे आणि पक्ष्यांची हाडं तर नावालाही उरत नाहीत. म्हणून कुत्री असलेल्या वस्तीत 'मासे मिळाले नाहीत' याचा अर्थ 'मासे खात नव्हते' असा कधीही घेऊ नका. मासे कमी दिसण्याचं आणखी एक साधं कारण चाळणीचं असतं. अहवालात चाळणीची जाळी किती बारीक होती ते शोधा. जाडी जाळी असेल तर बारीक हाडं मातीबरोबर गेलेली असणार.

हाडावरच्या खुणा अशा ओळखा. दगडी किंवा धातूच्या पात्याची खूण बारीक, सरळ आणि तळाशी टोकदार असते आणि ती बहुधा सांध्याजवळ येते, कारण जनावर तिथेच सोडवतात. दाताची खूण पसरट, गोलसर खड्ड्यांची. कुत्र्याच्या पोटातून आलेलं हाड आम्लाने खाल्ल्यासारखं चकचकीत आणि पातळ होतं.

घर ओस पडल्यावरही हाडं येत राहतात. लेमिंग नावाचे छोटे उंदरासारखे प्राणी बिळं करतात आणि तिथेच मरतात. कोल्हे आसऱ्याला येतात. आणि एक फसवा प्रकार असतो छपराचा. छपरासाठी कापलेली माती जर आधीच्या एखाद्या वस्तीच्या उकिरड्यातली असेल, तर छप्पर कोसळल्यावर शेकडो वर्षं जुनी हाडं आणि अवजारं नव्या घराच्या जमिनीवर येऊन पडतात. थूले आणि त्यांच्या आधीचे डॉर्सेट लोक एकमेकांना भेटले होते का, या वादातला एक महत्त्वाचा मुद्दा नेमका हा आहे. एका घरात दोन्ही संस्कृतींच्या वस्तू मिळाल्या म्हणजे भेट झाली, असं म्हणता येत नाही.

चौथी पायरी: मोजणी तीन तऱ्हांनी वाचा

तक्त्यात सहसा तीन आकडे असतात. ओळखू आलेल्या तुकड्यांची संख्या. ते तुकडे किमान किती जनावरांचे असू शकतात ती संख्या. आणि शरीराचा प्रत्येक भाग सांगाड्याच्या मानाने किती हजर आहे ते प्रमाण; ते पाचव्या पायरीत लागेल.

समजा, एका घरात सीलचे ४०० तुकडे आणि कॅरिबूचे १०० आहेत. कॅरिबू म्हणजे उत्तर अमेरिकेतला रेनडिअर. पहिल्या आकड्यावर सील चौपट दिसतं. पण सीलच्या वल्ह्यासारख्या पायांत बोटांची ढीगभर लहान हाडं असतात, एकाच जनावराची ती वेगवेगळी मोजली गेली तर आकडा फुगतो. दुसऱ्या आकड्यासाठी एकाच बाजूचं एकच हाड मोजा. डाव्या दंडाची हाडं सीलची ९ आणि कॅरिबूची ६ निघाली, तर चित्र लगेच बदलतं.

'लहान सील' या रकान्याला घाबरू नका. रिंग्ड, हार्प आणि हार्बर सीलची बरीच हाडं एकमेकांपासून ओळखूच येत नाहीत, आणि प्रामाणिक अभ्यासक तसं स्पष्ट लिहितो. सगळीच हाडं छातीठोकपणे जातवार लावणारा तक्ता मला जास्त संशयास्पद वाटतो.

एक उदाहरण पूर्वग्रह मोडायला चांगलं आहे. सायबेरियाच्या उत्तरेला झोखोव्ह बेटावर पुरातत्त्वज्ञ व्लादिमीर पितुल्को यांनी १९८९ पासून खणलेली वस्ती सुमारे ९००० वर्षं जुनी आहे. बर्फाळ समुद्रातलं बेट म्हटल्यावर सीलची अपेक्षा होते. तिथली हाडं मात्र मुख्यतः दोनच प्राण्यांची निघाली: रेनडिअर आणि ध्रुवीय अस्वल. अस्वल हे तिथे नेहमीचं अन्न होतं.

पाचवी पायरी: कोणता भाग घरी आला?

आपल्याकडे मटण घेताना चाप, सीना, मांडी, नळी, मुंडी, पाया असं मागतो, कारण प्रत्येक भागाची किंमत आणि उपयोग वेगळा. हाच हिशोब पुरातत्त्वज्ञ लुईस बिनफोर्ड यांनी अलास्कातल्या नुनामिउत कॅरिबू-शिकाऱ्यांसोबत राहून मांडला आणि १९७८ मध्ये प्रसिद्ध केला. जनावराच्या कोणत्या भागात मांस, हाडातला मगज आणि चरबी किती, याची त्यांनी क्रमवारी लावली. शिकारी लांबून ओझं आणताना कमी उपयोगाचे भाग मारल्या जागी सोडतात. सीलसाठीही अशी क्रमवारी १९९२ मध्ये तयार झाली. तिच्यात बरगड्या सर्वांत वर येतात.

थूले हिवाळी घरांत याचा पडताळा असा घ्या. रिंग्ड सील साधारण ५० ते ७० किलोचं. बर्फातल्या श्वासाच्या भोकापाशी मारलं की ते अख्खंच बर्फावरून ओढत घरी आणता येतं. म्हणून सीलचे सगळे भाग सापडायला हवेत. कॅरिबू मात्र शरद ऋतूत आत, जमिनीवर मारलेला असतो. त्याचं मांस दगडांखाली साठवून नंतर निवडक भाग आणले जातात. घरात कॅरिबूच्या नळ्याच नळ्या आणि मणके जवळजवळ नाहीत, असं दिसलं तर ती साठवणीची निशाणी असू शकते. नळी आडवी, ताजेपणी फोडलेली असेल तर कडा पिळवटल्यासारख्या तिरक्या दिसतात. तिथे मगज काढलेला आहे. नळी फोडून चोखणाऱ्याला हे वेगळं समजावायला नको.

इथे थांबून एक शंका घ्या. नळीच्या मधला भाग मुळातच घट्ट असतो आणि मणके भुसभुशीत. मग मणके घरी आलेच नाहीत, की आले आणि कुत्र्यांनी खाल्ले? अहवालात हाडांच्या घनतेशी तुलना केलेली असेल तरच निष्कर्षावर विश्वास टाका.

वाटणीचाही विचार करा. नेट्सिलिक इन्युइटांमध्ये सीलचा प्रत्येक भाग वाटणीतल्या कोणत्या भागीदाराला जायचा हे ठरलेलं असे, आणि ते नातं वर्षानुवर्षं टिके. अशा वस्तीत एकाच सीलची हाडं चार घरांत विखुरतात. एका घरात फक्त मागचे पाय सापडले, तर ते घर गरीब होतं असं लगेच म्हणू नका. शेजारच्या घरांचे तक्ते काढा आणि एकमेकांशी जुळवून पाहा.

सहावी पायरी: घरात कोणत्या महिन्यात माणसं होती?

माझ्या मते हाडांचं सर्वांत देखणं काम इथे आहे. बाकीच्या पुराव्यांवरून शतक कळतं, हाडांवरून ऋतू.

सीलच्या सुळ्याचा पातळ काप सूक्ष्मदर्शकाखाली धरला की झाडाच्या खोडासारखी वलयं दिसतात. वर्षाचा एक भाग रुंद थर घालतो, दुसरा अरुंद. शेवटचा थर किती भरलाय यावरून जनावर कोणत्या ऋतूत मेलं ते कळतं, आणि वलयं मोजली की त्याचं वय.

रिंग्ड सीलची पिल्लं मार्च-एप्रिलमध्ये बर्फाखालच्या गुहेत जन्मतात. घरात गर्भातल्या सीलची हाडं मिळाली, तर गाभण मादी हिवाळ्यात मारली गेली, आणि गर्भाच्या आकारावरून हिवाळ्याची सुरुवात की शेवट याचा अंदाज येतो.

कॅरिबूच्या शिंगांचं कोडं सोडवायला जरा चतुराई लागते. मोठे नर माजाचा काळ संपल्यावर, हिवाळ्याच्या तोंडाला शिंगं टाकतात. गाभण माद्या मात्र ती वसंतात विण्याच्या वेळेपर्यंत बाळगतात. म्हणून कवटीला घट्ट चिकटलेलं मोठ्या नराचं शिंग म्हणजे उन्हाळा-शरदातली शिकार. सुटं पडलेलं शिंग मात्र कुणी कधीही माळावरून उचलून आणलेलं असू शकतं. अवजारांसाठी शिंग लागतच असे.

पक्षी थोडेच असतात, पण बोलके. अंडी घालण्याच्या काळात मादीच्या पायाच्या हाडात कॅल्शियमचा तात्पुरता साठा तयार होतो. हाड फोडल्यावर आत तो दिसला तर जूनच्या आसपासची वेळ धरा.

हे सगळे पुरावे एकाच दिशेने गेले नाहीत, तर गोंधळू नका. हिवाळी घरात उन्हाळी कॅरिबूची हाडं असतातच. मारण्याचा महिना आणि खाण्याचा महिना वेगळे. घरातल्या मुक्कामाचा काळ सांगतात ते ताजे आणलेले प्राणी, साठवलेले नव्हे. कॅरिबू शरदातच जास्त मारण्याचं आणखी एक कारण कपड्यांचं आहे. त्या दिवसांत त्याची लव कपड्यांसाठी अगदी योग्य असते. त्यामुळे कॅरिबूची हाडं मोजताना थोडा वाटा कपड्यांच्या खात्यावर टाका.

सातवी पायरी: हाड कुठे पडलं?

बिनफोर्ड यांनी अलास्कात मास्क नावाच्या शिकारी तळावर एक साधी गोष्ट टिपली. शेकोटीभोवती बसलेली माणसं बारीक तुकडे जागच्या जागी पाडतात आणि मोठी हाडं पाठीमागे किंवा समोर दूर भिरकावतात. त्यामुळे शेकोटीलगत बारीक कणांचं कडं आणि बाहेर मोठ्या हाडांचं कडं तयार होतं.

बंद घरात मोठं हाड भिरकावलं तर कुणाच्या तरी डोक्यात बसेल. ते बाहेर किंवा बोगद्यात जातं. म्हणून मोठ्या हाडांवरून घरातली कामं सांगायला जाऊ नका. फरशीच्या फटींत अडकलेले कण शोधा. दिव्याच्या कोपऱ्यापाशी जळके कण आणि चरबीने काळी झालेली माती मिळाली तर तिथे भांडं टांगलं जायचं. इन्युइट घरांत दिवा सांभाळणं हे बाईचं काम असे, त्यामुळे तो कोपरा तिच्या बैठकीचा. जवळच पक्ष्याच्या पोकळ हाडाची सुईची नळी सापडली तर जागा आणखी पक्की होते.

ओट्यावरची सीलच्या पायाची छोटी हाडं पाहून थबकायला हवं. ती अन्न नसूही शकतात. इन्युइट मुलं सीलच्या पायाच्या हाडांशी खेळत. एकेक हाड म्हणजे एकेक माणूस, कुत्रा, गाडी, आणि सगळी मांडून घर-कुटुंब उभं करायचं. चौथ्या पायरीत ज्या हाडांनी आकडा फुगवला म्हणून आपण त्यांना बाजूला सारलं, तीच इथे भातुकली निघू शकतात. ती एका जागी जुळून पडलीत की विखुरलेली, घासून गुळगुळीत झालीत का, हे पाहिल्याशिवाय निर्णय देऊ नका.

आठवी पायरी: जे हाड नाही, त्याचाही विचार करा

इन्युइटांच्या श्रद्धेत समुद्राचे आणि जमिनीचे प्राणी एकमेकांत मिसळायचे नसत. पुरातत्त्वज्ञ रॉबर्ट मगी यांनी १९७७ मध्ये दाखवून दिलं की थूले लोकांच्या अवजारांतही ही विभागणी दिसते: सागरी शिकारीच्या हार्पूनसाठी हस्तिदंतासारखा वॉलरसचा सुळा, कॅरिबूच्या बाणांसाठी शिंग. अलास्काच्या युपिक लोकांत मारलेल्या सीलची मूत्राशयं जपून ठेवून सणाच्या वेळी समुद्राला परत केली जात. अशा समाजात हाडं कुठे टाकायची हेही मनाला येईल तसं ठरत नसावं. मात्र प्रत्येक रिकाम्या जागेला 'धार्मिक कारण' चिकटवू नका. आधी कुत्रा, चाळणी आणि केरसुणी ही तीन कारणं संपवा.

नववी पायरी: तारखांना हात शेवटी लावा

सील आणि देवमाशाच्या हाडांचं रेडिओकार्बन वय, म्हणजे हाडातल्या कार्बनवरून काढलेलं वय, खऱ्यापेक्षा काहीशे वर्षं जुनं येतं, कारण समुद्रातला कार्बन आधीच 'शिळा' असतो. घराच्या काळासाठी कॅरिबू किंवा मस्कऑक्स यांसारख्या जमिनीवरच्या प्राण्याची तारीख शोधा. वाहून आलेलं लाकूडही दगा देतं, ते जाळण्याआधी कित्येक वर्षं किनाऱ्यावर पडलेलं असतं.

हाडं इतकं बोलतात ती गोठलेल्या जमिनीमुळे. ग्रीनलंडच्या डिस्को उपसागरातल्या केकेर्तासुस्सुक या साक्काक वस्तीत सुमारे ४००० वर्षांपूर्वीचे केस टिकले होते. त्यांवरून २०१० मध्ये प्राचीन माणसाचा पहिला जनुकसंच वाचला गेला. ही जमीन आता वितळते आहे, आणि वितळलेल्या उकिरड्यातलं हाड थोड्याच वर्षांत भुसा होतं. म्हणून जुन्या आणि नव्या उत्खननांची तुलना करताना हाडं कोणत्या अवस्थेत हाती लागली, हेही पाहा.

सरावासाठी

सीलची हाडं आपल्याला मिळणार नाहीत, पण पद्धत बकऱ्याच्या हाडांवरही तीच आहे. पुण्याच्या डेक्कन कॉलेजमध्ये प्राण्यांच्या हाडांचा अभ्यास कैक वर्षं चालतो आणि इनामगावच्या साडेतीन हजार वर्षांपूर्वीच्या घरांतली हाडंही अशीच तपासली गेली आहेत. घरी करायचं तर रविवारच्या मटणाची हाडं उकळून, वाळवून वर्तमानपत्रावर मांडा. डावी-उजवी वेगळी करा, तुकडे मोजा, किमान किती जनावरं निघतात ते पाहा. खाटकाने आपल्याला जनावराचा कोणता भाग दिलाच नाही, तेही लिहा. मग निम्मी हाडं गल्लीतल्या कुत्र्यांना टाका, दुसऱ्या दिवशी उरलेली गोळा करून पुन्हा मोजा आणि दोन्ही तक्ते शेजारी ठेवा. आणि जेवणानंतर झाडलोट झाली की टेबलाखाली, सतरंजीच्या घडीत, फरशीच्या फटीत काय राहिलंय ते उचलण्याआधी, ते कुठे होतं याची खूण आराखड्यावर करून ठेवा.